फिशटँकचा चिलर घरात कुठे ठेवावा? आधी गरम हवेला वाट द्या

एप्रिल उजाडला की पुण्यात दुपारचा पारा चाळिशीला टेकतो आणि पश्चिमेच्या भिंतीलगतच्या टाकीतलं पाणी संध्याकाळपर्यंत ३१-३२ अंशांवर जातं. गप्पी-मॉलींचं त्यात फारसं बिघडत नाही. गोल्डफिश मात्र वर येऊन तोंडं मारू लागतात, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. प्रवाळांच्या टाकीचं तर विचारूच नका. मग चिलर आणावा लागतो. टाकीखालच्या कपाटात तो अगदी मापात बसतो, म्हणून आपण तिथेच ढकलून दार लावतो. मीही तेच केलं.

तीन दिवस कॉम्प्रेसर थांबला नाही आणि पाणी २९च्या खाली उतरेना. चौथ्या दिवशी दार उघडलं तर इस्त्रीवाल्याच्या टपरीसारखी झळ तोंडावर आली. आतल्या सनमायकाची कडही सुटली होती.

चिलर म्हणजे छोटा फ्रिजच. पाण्यातली उष्णता काढून तो पंख्याने बाहेर फेकतो. २०० लिटर पाणी ४ अंशांनी उतरवायचं तर साधारण १ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते, आणि कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता त्यात वेगळी. ती सगळी खोलीत येते. एसीच्या बंद खोलीत चिलर ठेवला, तर एसी आणि चिलर दोघांचं बिल आपण भरतो.

जागा. हवेशीर हॉलचा कोपरा चालेल, पण टीव्हीजवळ नको, आवाज खटकतो. माझ्या मते पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सगळ्यांत सोयीची जागा ड्राय बाल्कनी. अटी दोनच: चिलरवर थेट ऊन नको आणि मे महिन्यातल्या वळवाचे शिंतोडे नकोत. पाइप आत न्यायला भिंत फोडायची गरज नाही. स्लायडिंग खिडकीच्या एका फटीत उभी ॲक्रिलिकची पट्टी बसवून तिला दोन भोकं पाडून घ्या.

मोकळी जागा. हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते, हे आधी हात लावून बघा. प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. या दोन्ही बाजूंना निदान एक वीत, जमलं तर फूटभर अंतर सोडा. मशीनच्या पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेच पाळा.

कपाटच हवं असेल तर सुताराला बोलवा. नुसती मागची फळी काढून भागत नाही, कारण बाहेर पडलेली गरम हवा वळसा घालून पुन्हा आत खेचली जाते. थंड हवेला खालून जाळी, गरम हवेला वरून. वरच्या जाळीवर बाहेर हवा फेकणारा कॉम्प्युटरचा पंखा लावा आणि दोन्ही बाजूंच्या मधे प्लायचा उभा पडदा ठोकून घ्या. चिलरची हवा शिरते आणि निघते ती तोंडं या पडद्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. पडदा महत्त्वाचा; सुतार म्हणेल "कशाला?", तरी ठोकायला लावा.

पाइप आणि वीज. पाणी आधी फिल्टरमधून, मग चिलरमध्ये. पाइप लांब झाला तर त्यावर एसीच्या पाइपवर असतं तसलं काळं फोमचं वेष्टण चढवा. पावसाळ्यात पाइपला घामही फुटत नाही. पंप चिलरला लागतो तेवढ्याच प्रवाहाचा घ्या. वायर प्लगपर्यंत जाताना आधी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. अर्थिंग हवंच. वाहतुकीत चिलर आडवा झाला असेल तर २४ तास उभा ठेवून मगच चालू करा. वीज गेली-आली की लगेच स्विच दाबू नका, पाचेक मिनिटं जाऊ द्या. खाली रबराचा तुकडा टाका, नाहीतर रात्री फरशी गुणगुणते.

तपासणी. अर्धा तास चालू ठेवून हवा आत शिरते तिथे थर्मामीटर धरा. खोलीपेक्षा २-३ अंश जास्त दिसले तर मशीन स्वतःचीच गरम हवा पीत आहे. थर्मामीटर नसेल तर देवघरातली उदबत्ती घ्या. गरम हवेच्या झोताजवळ धरलेला धूर सरळ दूर गेला पाहिजे. तो वळून आत शिरत असेल तर चिलर थोडा फिरवा आणि पुन्हा बघा. मला तीनदा फिरवावा लागला.

चिलरच्या हवेची जाळी दर पंधरवड्याला काढून धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. मी पहिल्यांदा काढली तेव्हा समोरच्या बांधकामाची धूळ असेल असं वाटलं होतं. निघाला तो निळसर लोकरीसारखा थर, शेजारी वाळत घातलेल्या टॉवेलांचा.