कुंडीतला आंबा, लिंबू, पेरू आणि न्यू जर्सीचा हिवाळा: या चुका टाळा

न्यू जर्सीत, शिकागोत दर हिवाळ्यात तेच होतं, ऑक्टोबरमध्ये टवटवीत आत आणलेलं लिंबाचं झाड जानेवारीत भराभर पानं टाकतं आणि आपला पहिला हात जातो पाण्याच्या झारीकडे. प्लीज थांबा! हिवाळ्यात पानं गळतात ती बहुतेक वेळा तहानेनं नाही.

होतं काय, माती साधारण 13 सेल्सिअसच्या खाली गेली की लिंबाची मुळं जवळजवळ काम थांबवतात. कुंडी गार टाइल्सवर असते, वर खिडकीतल्या उन्हानं पानं तापतात, पाणी मागतात, खालून मिळत नाही म्हणून झाड पानं सोडून देतं, आणि त्यात आपण अजून पाणी ओतलं की त्या गार चिखलात मुळं कुजायला लागतात. म्हणून आधी कुंडी लाकडी स्टुलावर नाहीतर थर्माकोलवर उचलून ठेवा. बोट दोन इंच मातीत घाला, ओल लागली तर पाणी नाही, खालच्या ताटलीत साठलेलं ओतून द्या. आणि वाढ थांबली असेल तोवर खतही नको, कितीही दया आली तरी.

पेरूची पानं गेली म्हणून लगेच फेकू नका, फांदीची साल नखानं जरा खरवडा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

दुसरी चूक म्हणजे फ्रॉस्टची वाट बघणं. रात्री 50 फॅरनहाइट, म्हणजे 10 सेल्सिअसच्या खाली जायला लागल्या की कुंड्या आत. पपई तर अजिबात रिस्क घेऊ नका. आणायच्या आधी पानांची खालची बाजू नीट बघा, कारण हीटिंगच्या कोरड्या हवेत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) फार पटकन वाढतात, मग अधूनमधून शॉवरखाली पानं धुवावी लागतात.

आंब्याचं मात्र वेगळं आहे. लोक त्याला हीटरजवळ ठेवतात आणि मग मोहोर का येत नाही म्हणून विचारतात. अहो, कोकणात थंडी पडल्यावरच मोहोर येतो ना? तशाच 10 ते 15 सेल्सिअसच्या रात्री काही आठवडे त्याला इथेही लागतात, म्हणून भरपूर उजेडाची पण जरा गार खोली द्या, उजेड कमी पडला तर एलईडी ग्रो लाइट लावा. आणि हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही हो, झाड वेगळंच निघतं, फळालाही बरीच वर्षं लागतात. कुंडीसाठी पिकरिंग या आंब्याच्या जातीसारखं बुटकं कलमच घ्या.

मे महिन्यात बाहेर काढताना थेट उन्हात नको, आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग हळूहळू ऊन वाढवा. घाई झाली तर पानांवर पांढरे चट्टे पडतात, ते परत हिरवे होत नाहीत, पण नवी पालवी येईपर्यंत ती पानं तोडू नका, उरलेल्या हिरव्या भागावरच झाड जगत असतं.