कडब्याच्या ताटातून रेणूंचे आकार

अकरावीची पोरं रेणूंच्या आकारांचा तक्ता घोकतात आणि पेपरात अमोनिया आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड यांची अदलाबदल करून येतात. जुळे सोलापुरात माझी शिकवणी आहे; तिथे ‘पाठच करून टाकू की ओ मॅडम’ याला बंदी आहे. आकार मोजून काढायचा.

मोजायचं काय, तर मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या. अमोनियात मधला अणू नायट्रोजन. त्याच्या बाहेरच्या कक्षेत ५ इलेक्ट्रॉन. तीन हायड्रोजनशी बंध जुळवताना ३ खर्ची पडले, उरले २, म्हणजे एक लोन पेअर, बंधात न गेलेली जोडी. एकूण जोड्या चार. बोरॉनकडे मुळात ३च. ते तीन फ्लोरिनबरोबरच्या बंधांत संपले. जोड्या तीन. डबल बॉन्ड म्हणजे दोन जोड्यांचा बंध, पण मोजताना ती एकच जोडी धरायची.

जोड्या एकमेकींना ढकलतात, म्हणून जमेल तेवढ्या लांब बसतात. दोन असतील तर १८० अंश, तीन असतील तर एका पातळीत १२०, चार असतील तर १०९.५. १९५७ साली गिलेस्पी आणि नायहोम यांनी घडवलेला व्हीएसईपीआर सिद्धांत (बाहेरच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉन जोड्यांच्या ढकलाढकलीचा) मुळात एवढाच. मिठाला मात्र हे लावू नका. मिठाच्या खड्यात सुटा रेणूच नसतो, आयनांची जाळी असते.

आता हातात धरून बघू. विकतचं मॉडेल किट कशाला? मंगळवेढ्याकडचा मालदांडी ज्वारीचा कडबा आपल्याकडे मुबलक. जाड, वाळलेलं ताट सोलून आतलं भेंड काढा. भेंडाचा तुकडा म्हणजे मधला अणू. सालपटाच्या चार काड्या करा, पण कडा घासून घ्या, बोट कापतं. खोचल्यावर भेंडाच्या मध्यापासून टोकापर्यंत प्रत्येक काडी ६ सेंमी भरली पाहिजे. तीन काड्या तिवईसारख्या खाली, चौथी सरळ वर. कोनमापक इथे नीट बसत नाही, पट्टीच घ्या. भेंडाचा मध्य टेबलापासून २ सेंमी उंच आणि कुठल्याही दोन टोकांत ९.८ सेंमी अंतर आलं, की कोन १०९.५ झालाच. हा मिथेन.

वरची काडी उपसा: अमोनिया. भोक बुजवू नका, लोन पेअर तिथेच आहे. ती एकाच अणूच्या ताब्यात असल्याने बंधातल्या जोडीपेक्षा जास्त जागा खाते आणि उरलेल्या काड्यांना जवळ रेटते. कोन १०७ वर येतो. आणखी एक उपसा: पाणी, १०४.५ अंश. दोन टोकांतलं अंतर ९.५ सेंमी करा. निम्मा वर्ग घसरतो तो यापुढे. जोड्या मोजताना लोन पेअर धरायची, आकाराला नाव देताना फक्त अणू बघायचे. म्हणून अमोनिया पिरॅमिड आणि पाणी वाकडं.

या वाकडेपणाला किंमत आहे. कार्बन डायऑक्साइड सरळ, त्यामुळे दोन्हीकडच्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनवरची ओढ एकमेकींना खोडते. पाण्यात ती खोडली जात नाही; ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची धन, आणि एका रेणूची धन बाजू दुसऱ्याच्या ऋण बाजूला धरून ठेवते. म्हणून रेणुभार १८ असूनही पाणी खोलीत द्रव असतं आणि ४४ रेणुभाराचा कार्बन डायऑक्साइड वायू. सुती सोलापुरी टॉवेल पाणी टिपतो त्यातही हीच धन-ऋण ओढ आहे: कापसातल्या सेल्युलोजचे ओएच गट पाण्याला हायड्रोजन बंधाने धरतात.

सल्फर डायऑक्साइड मी करून दाखवत नाही. सल्फरकडे ६ इलेक्ट्रॉन, दोन डबल बॉन्डमध्ये ४ गेले. काड्या कार्बन डायऑक्साइडइतक्याच, दोन. त्या समोरासमोर खोचायच्या का, हे उरलेल्या २ इलेक्ट्रॉनांना विचारा.