मॉर्फिनची वेदनाशामकता आणि एचआयव्हीचे जीपी१२० : मेंदूत प्रयोग कसा लावावा

एचआयव्हीच्या बाह्यकवचावरचे जीपी१२० हे प्रथिन पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनाशी जुळते आणि मग सीएक्ससीआर४ किंवा सीसीआर५ या केमोकाइन ग्राहींना (रोगप्रतिकारक संदेश टिपणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनांना) पकडते. हे ग्राही मध्यमेंदूतल्या पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे या भागातही आहेत आणि मॉर्फिनचा म्यू ग्राहीही तिथेच काम करतो. केमोकाइन ग्राही उद्दीपित झाला की पेशीतली किनेजे (फॉस्फेट जोडणारी विकरे) म्यू ग्राहीला फॉस्फेट जोडतात. त्यामुळे ग्राहीचा, त्याचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाशी जोड सैल पडतो आणि मॉर्फिन असूनही वेदना दबत नाही. रॅटच्या पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रेमध्ये जीपी१२० सोडून प्रयोगात हेच पकडायचे आहे. प्राणी-नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी घ्यावी.

रॅटला भूल देऊन मार्गदर्शक नळी कोनात बसवावी. सरळ मधोमध उतरल्यास वरची मोठी शीर फुटते. नळीचे टोक लक्ष्याच्या १ मिमी वर ठेवावे, टोचणीची सुई तेवढीच पुढे निघेल अशी कापावी. सुई मेंदूजलाच्या नालिकेत शिरली तर प्रथिन भलतीकडेच वाहून जाते. शस्त्रक्रियेनंतर ५ ते ७ दिवस विश्रांती द्यावी आणि या काळात प्राण्याला रोज हाताळावे. घाबरलेला रॅट ताणानेच वेदना दाबतो, मग आधाररेषा (औषधाआधीचे मोजमाप) लटकी ठरते.

वेदना मोजायला थंड पाण्यात शेपटी बुडवण्याची चाचणी सोयीची, तीत रॅट किती सेकंदांनी शेपटी झटकतो ते पाहतात: इथिलिन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, तापमान उणे ३ अंश सेल्सिअस, कमाल मर्यादा ६० सेकंद. प्रत्येक वेळी शेपटी पुसावी, कारण रॅट ती चाटतो आणि ग्लायकॉल विषारी आहे. आधाररेषेसाठी पहिले वाचन सोडून पुढच्यांची सरासरी घ्यावी. परिणामाची टक्केवारी अशी: चाचणीच्या वेळेतून आधाररेषा वजा करावी, त्याला ६० वजा आधाररेषेने भागावे, १००ने गुणावे.

मॉर्फिनचा डोस आधी वेगळ्या गटात ठरवावा. त्वचेखाली १, ३, ५ आणि १० मिग्रॅ प्रति किलो देऊन निम्म्याहून थोडा जास्त परिणाम देणारा डोस निवडावा. सगळे रॅट ६० सेकंदांना टेकत असतील तर जीपी१२०ने केलेली घट दिसणारच नाही. अनेक प्रयोग इथेच फसतात.

जीपी१२० अर्धा मायक्रोलिटरमध्ये, मिनिटभरात, हळू सोडावे. सुई आणखी एक मिनिट तशीच ठेवावी. दहा-वीस नॅनोग्रॅमपासून शंभरपर्यंत चढत जावे. हे प्रथिन प्लास्टिकला चिकटते, म्हणून सलाइनमध्ये ०.१ टक्का बोव्हाइन अल्ब्युमिन (गायीच्या रक्तातले प्रथिन) घालावे आणि तेच मिश्रण जीपी१२०शिवाय नियंत्रण गटाला द्यावे. छोटे भाग करून गोठवावेत, वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. तीस मिनिटांनी मॉर्फिन द्यावे, मग १५, ३०, ४५, ६०, ९० आणि १२० मिनिटांना मोजावे. जीपी१२० आणि सलाइन घेतलेला गट हवाच, कारण हे प्रथिन एकटेही वेदना वाढवू शकते.

सर्वात मोठा धोका एंडोटॉक्सिनचा, म्हणजे नमुन्यात मिसळलेल्या जिवाणूंच्या विषारी अंशाचा. ते मायक्रोग्लियाला (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींना) चेतवते, इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे प्रथिन सुटते आणि तेही मॉर्फिनच्या विरोधात जाते. म्हणजे मळकट नमुन्यातूनही अपेक्षित तेच उत्तर मिळते! प्रत्येक बॅचची एंडोटॉक्सिन चाचणी करावी, शिवाय उकळलेल्या जीपी१२०चा गट ठेवावा. उकळल्याने प्रथिन मोडते, एंडोटॉक्सिन बव्हंशी टिकते. उकळलेल्या नमुन्यानेही मॉर्फिन कमी पडले तर श्रेय विषाणूच्या प्रथिनाला देऊ नये.

परिणाम कोणत्या ग्राहीमार्फत झाला याची खात्री अवरोधकाने (ग्राही रोखणाऱ्या औषधाने) होते. प्रथिन एचआयव्हीच्या आयआयआयबी वाणाचे असेल तर सीएक्ससीआर४ रोखणारे एएमडी३१०० जीपी१२०च्या आधी त्याच जागी द्यावे; एकटे दिल्यावर शेपटीच्या वेळेत फरक पडत नाही एवढाच त्याचा डोस. मॉर्फिनचा परिणाम परतला तर वाट सीएक्ससीआर४चीच. बीएएल वाण सीसीआर५ वापरतो, तिथे सीसीआर५ रोखणारे मॅराव्हिरॉक लागते. वाण न पाहता अवरोधक निवडल्याने प्रयोग खोटा ठरवला जातो, हे टाळण्यासारखे आहे.

शेवटी प्रत्येक नळीतून रंग सोडून मेंदूचे काप क्रेसिल व्हायोलेट या पेशी दाखवणाऱ्या रंगाने रंगवावेत. आकडे न पाहता, दुसऱ्याच माणसाने जागा तपासावी. चुकलेल्या जागेचे प्राणी वगळले तरी त्यांचे आकडे फेकू नयेत: शेजारच्या भागात टोचल्यावर परिणाम दिसत नसेल, तर तेच जागेचे नियंत्रण होते.