पहिल्याची सर दुसऱ्याला? फँटसी मालिकेचा पुढचा भाग कसा पारखावा

उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ मी दोन रात्रींत संपवलं, त्याच आठवड्यात वाचनालयातून पुढचा भाग आणला आणि चाळिसाव्या पानावर मिटून ठेवला. कारण एकच: गेड कुठाय? ज्या पोराच्या मागे होडीतून बेटामागून बेटं पालथी घातली, त्याचा पत्ताच नाही. भलतीच एक मुलगी, वाळवंटातलं देवस्थान आणि काळोख. ‘पहिल्याची सर नाही,’ असं चारचौघांत सांगूनही टाकलं. पुढे सहा वर्षांनी ते पुस्तक पुन्हा हातात आलं. आज त्या मालिकेतलं एकच पुस्तक ठेव म्हटलं, तर मी तेच दुसरं ठेवीन. तेव्हा खालचं सगळं एका फसलेल्या वाचकाकडून आहे असं समजा.

१. तो खरंच ‘पुढचा भाग’ आहे का, ते आधी बघा

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या खंडाबद्दल नेहमीची तक्रार असते की तो मधूनच सुरू होतो आणि मध्येच संपतो. होणारच! टॉल्किननी लिहिली ती एकच कादंबरी. १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत निघाली, इतकंच. मधला तुकडा उचलून त्याला पहिल्याशी तोलणं म्हणजे मधल्या अंकाला शेवट नाही म्हणून नाटकाला नावं ठेवणं.

खरा पुढचा भाग म्हणायचाच, तर ही अख्खी कादंबरी १९३७ च्या ‘द हॉबिट’चा पुढचा भाग. आणि तिथे एक गंमत आहे. ‘हॉबिट’च्या पाचव्या प्रकरणात नायक बिल्बो आणि गुहेत राहणारा गॉलम हा प्राणी काळोखात एकमेकांना कोडी घालतात. पहिल्या आवृत्तीत गॉलमने पैजेत चक्क आपली जादूची अंगठीच लावलेली असते. हरल्यावर ती सापडत नाही म्हणून तो वरमतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पण पुढची कथा लिहिताना ही अंगठी अशी झाली की माणूस जीव देईल, पण ती देणार नाही. मग १९५१ च्या आवृत्तीत टॉल्किननी ते प्रकरणच बदललं. आता गॉलम ‘चोर, चोर’ म्हणून आक्रोश करतो. जुनी हकिगत ही बिल्बोने मारलेली थाप ठरली! पुढचा भाग पहिल्याच्या तोलाचा व्हावा म्हणून इथे पहिल्यालाच हात लावावा लागला.

२. पहिलं पुस्तक का आवडलं, ते एका ओळीत लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. ‘जग नवं होतं’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या भागाकडून तेच सुख मागू नका. ‘हॅरी पॉटर आणि परीस’मध्ये हॅग्रिड छत्रीने विटांवर टकटक करतो आणि भिंत उघडून पलीकडे जादूगारांचा बाजार दिसतो. ती भिंत पहिल्यांदा एकदाच उघडते. दुसऱ्या भागातही मावशीचं घर आहे, शाळेची खरेदी आहे, झाडूवर बसून खेळायचं क्विडिच आहे, पण आता आपण तिथले गिऱ्हाईक झालेलो असतो. उत्तर ‘माणसं’ असेल, तर मात्र पुढे जायला हरकत नाही.

३. पन्नास पानं द्या, आणि नवा प्रश्न शोधा

माझी चूक इथे झाली. मी जुना माणूस शोधत होते, तेव्हा शोधायला हवा होता नवा प्रश्न.

‘अर्थसी’च्या पहिल्या भागात (१९६८) प्रश्न आहे गेडचा: घमेंडीत आपणच मोकळ्या सोडलेल्या सावलीचं करायचं काय? दुसरा भाग, ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’ (१९७१), वेगळंच विचारतो. तेनार नावाच्या लहानगीला घरातून उचलून देवस्थानाची मुख्य पुजारीण करतात, तिचं नाव काढून घेतात. नवं नाव अर्हा, म्हणजे ‘गिळलेली’. थडग्यांखालच्या भुयारात दिवा नेण्याची सक्त मनाई. ती बोटांनी भिंती चाचपत, वळणं मोजत तो चक्रव्यूह पाठ करते, आणि तिच्याबरोबर आपणही. मग पाचव्या प्रकरणात तिला तिथे उजेड दिसतो.

तो उजेड गेडच्या काठीचा. बारा प्रकरणांच्या पुस्तकात आपला नायक इतक्या उशिरा येतो, आणि येतो तो चोर म्हणून. ती त्याला आत कोंडते आणि वरच्या भोकातून न्याहाळत राहते. पहिल्या भागात ज्याच्या नजरेने आपण जग पाहिलं, तोच आता खाली भुयारात कोंडलेला परका माणूस आहे. गेड पहिल्याच पानावर आला असता, तर त्या उजेडाने आपण दचकलोच नसतो. आणि मी चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटलं होतं!

४. प्रकाशनाची वर्षं बघा

मालिका लिहिली गेली त्याच क्रमाने वाचा, कथेतल्या काळाच्या क्रमाने नको. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेचे संच बऱ्याचदा ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’पासून सुरू होतात, कारण त्यात त्या जगाचा जन्म आहे. पण ते आलं १९५५ मध्ये, सहावं. १९५० च्या पहिल्या पुस्तकात ल्यूसी कपाटातून आत जाते आणि बर्फाच्या रानात, अगदी मधोमध, एक रस्त्यावरचा दिवा जळत असतो. का, कुणी लावला, काही सांगितलेलं नाही. त्याचा जन्म आधीच वाचला असेल, तर तो नुसता दिव्याचा खांब उरतो.

दोन भागांत बऱ्याच वर्षांचा खंड पडला असेल, तर तुम्हीही थोडा पाडा. ‘अर्थसी’चा तिसरा भाग १९७२ चा, चौथा, ‘तेहानू’, थेट १९९० मध्ये आला. तेनार आता शेतावर राहणारी मध्यमवयीन विधवा, गेडची विद्या संपलेली. जादूच्या आशेने आलेले कितीतरी वाचक चिडले. माझं मत विचाराल, तर तिसरा भाग वाचून लगेच हे हातात घेऊ नका. (त्यावर ‘अर्थसीचं शेवटचं पुस्तक’ असं छापलं होतं. २००१ मध्ये आणखी दोन आली.)

५. जाडी आणि शेवट तपासा

हॅरीचा पहिला भाग मूळ ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानांचा, पाचवा ७६६ पानांचा. मनगटाचीही तयारी ठेवा. आणि मालिका पुरी झालीय का, ते विचारून घ्या. जॉर्ज मार्टिन यांच्या (‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या) मालिकेचा पाचवा भाग २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट लोक अजून पाहताहेत. शिवाय त्यातला चौथा भाग हाती घेतलात आणि लाडकी पात्रंच गायब दिसली, तर वैतागू नका. कथा प्रदेशांनुसार वाटून त्यांना पाचव्यात ठेवलंय.

६. सोडायचं तर बिनधास्त सोडा

खलनायक तोच, फक्त नाव नवीन. किंवा माणसं शहाणी असून केवळ कथानक पुढे सरकावं म्हणून मूर्खासारखी वागताहेत, असं दिसलं की थांबा. नायक दिसत नाही म्हणून मात्र थांबू नका.

आणि पहिला भाग संपायच्या आत, सवलत आहे म्हणून सात भागांचा संच मागवू नका. माझ्याकडच्या एका संचाचे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे भाग अजून प्लास्टिकमध्येच आहेत. कुणाला हवे असतील तर घेऊन जा.