फ्लोटिंग फ्रेम करताना या चुका टाळा: आधी कडा बघा, मग पट्टी निवडा

साध्या फ्रेमची पट्टी चित्राच्या कडेवर जराशी चढते, आणि तेवढ्या जागेत बरंच काही खपून जातं. कापडाची ओबडधोबड घडी, बाजूला मारलेल्या पिना, काटकोनात न बसलेला आतला लाकडी सांगाडा, कशाचाच पत्ता लागत नाही. फ्लोटिंग फ्रेममध्ये चित्राभोवती मोकळी फट राहते आणि चारही कडा उघड्या पडतात. म्हणून ज्या चित्राची कड बघण्यासारखी नाही, त्याला सरळ साधी फ्रेम करावी. हे फ्रेमवाल्याने सांगायला हवं, पण महाग पट्टी विकायची असताना तो कशाला सांगेल?

शिवाय या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक कॅनव्हाससाठी: इंग्रजी एल अक्षरासारखी पट्टी, काच नाही, चित्र मागून स्क्रूने धरलेलं. दुसरी कागदासाठी: ताव पाठीमागच्या बोर्डापासून थोडा उचलून काचेआड लावलेला, किंवा दोन काचांच्या मधे धरलेला. दुकानात नुसतं ‘फ्लोटिंग करून द्या’ म्हणू नका, यातलं काय हवं ते दाखवून सांगा.

कॅनव्हास: माप चुकलं की सगळं चुकलं

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे बारीक. याचं मूळ बहुतेक वेळा मोजण्यातच असतं. कॅनव्हासवर १८ × २४ लिहिलेलं असलं तरी तो तेवढाच असतो असं नाही. कोपऱ्यात कापडाच्या घड्या एकावर एक येतात आणि तिथे माप सहज सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढतं. त्यामुळे प्रत्येक बाजू तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मधोमध. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर सांगाडा तिरका आहे, आणि कितीही चांगली फ्रेम केली तरी तो तिरकेपणा फटीत दिसणारच.

दुसरी चूक हिशेबाची. फट दोन सूत, म्हणजे पाव इंच ठेवायची असेल तर ती दोन्ही बाजूंना धरावी लागते. १८ × २४ इंचांच्या चित्राला फ्रेमचं आतलं माप साडेअठरा × साडेचोवीस हवं. एकदाच धरली तर एकेक सूतच उरतं, आणि कोपऱ्यातल्या घड्या ते खाऊन टाकतात. चार फुटी चित्राला तीन-चार सूत फटसुद्धा शोभते, छोट्या चित्राला एवढी जागा सोडली तर ते हरवल्यासारखं वाटतं.

फट चारही कोपऱ्यांत बरोबर आणि मधेच रुंद दिसत असेल, तर दोष फ्रेमचा नाही. ताणलेलं कापड सांगाड्याच्या लांब पट्ट्या आत ओढतं. मोठ्या कॅनव्हासला मधे आडवी पट्टी नसेल तर हे होतंच. आडवी पट्टी बसवून घ्या, मगच फ्रेमचं माप द्या.

खोलीकडे तर कुणी बघतच नाही. बाजारात साधारण पाऊण इंच आणि दीड इंच जाडीचे कॅनव्हास मिळतात. पाऊण इंचाचा कॅनव्हास दीड इंची पट्टीत टाकला की चित्र खड्ड्यात पडल्यासारखं दिसतं. पट्टी आधीच घेऊन झाली असेल तर मागून लाकडाच्या पट्ट्या देऊन चित्र वर उचला. चित्राचा पृष्ठभाग फ्रेमच्या कडेपेक्षा साधारण सूतभर खाली असावा. तेवढी कड वर राहिली की स्क्रू मारायला फ्रेम उलटी केल्यावर रंग टेबलाला टेकत नाही. जाड थरांच्या चित्राला ही उंची आणखी जास्त लागेल.

बसवताना फटीत सारख्या जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे चारही बाजूंना खोचा, धरून उलटं करा, बारीक भोक पाडून मग स्क्रू फिरवा. थेट स्क्रू घातला तर सांगाड्याची पट्टी चिरते. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या, कोकणात आणि मुंबईत साधे स्क्रू लवकर गंजतात. स्क्रूऐवजी फेव्हिकॉल लावणाऱ्याला हात जोडून थांबवा. पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडला तर तो फ्रेममधून काढूनच कोपऱ्यातल्या पाचरी ठोकाव्या लागतात, आणि चिकटवलेलं चित्र निघत नाही. कापड ताणायला मागून पाणी मारायचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. कापड तेवढ्यापुरतं आवळतं, पण आतला अस्तराचा थर बिघडतो.

बाजूला पिना दिसत असतील तर कापड पुन्हा ताणून पिना मागे घ्याव्या लागतील. बाजू कोरी असेल तर ती रंगवायची का, हे चित्रकाराला विचारा. विकत आणलेल्या चित्राच्या कडा स्वतःच काळ्या करून टाकणं मला तरी आगाऊपणाच वाटतो.

कागद आणि कापड

कागदाला ही पद्धत खरी कुठे शोभते, तर हातकागदाला. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हॅन्डमेड पेपर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणच्या तावाची नैसर्गिक, वेडीवाकडी कड माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली दडवली तर तो ताव घेतला कशाला? मशीनने सरळ कापलेल्या कागदाला मात्र साधा माउंट पुरतो.

ताव चारही कोपऱ्यांना चिकटवणं ही इथली मोठी चूक. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. हलायला जागा मिळाली नाही की त्याला लाटा येतात. फक्त वरच्या कडेला, मागच्या बाजूने, पातळ जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायच्या. ही खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे कधी चित्र बोर्डावरून सोडवायचं झालं तर कागद फाटत नाही. सेलोटेप काही वर्षांत पिवळा पडतो आणि त्याचा डाग कागदात उतरतो. मागचा बोर्डही आम्लरहित मागा. ‘सगळे सारखेच असतात’ असं उत्तर आलं तर दुकान बदला.

ताव पाच मिलिमीटर उचलला आणि बोर्डापासून काचेपर्यंतचं अंतरही पाचच ठेवलं, तर कागद काचेला टेकणार हे उघड आहे. तरी असं काम सर्रास होतं. काच कागदाला कुठेच लागता कामा नये. पावसाळ्यात कागद थोडा पुढे येतो, ती जागाही हिशेबात धरा.

कापडावरच्या वारली चित्रांबाबत जास्त जपावं लागतं. गेरू-शेणाच्या अस्तरावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग घासला की सुटतो आणि पाण्याने पुसला जातो. त्याला इस्त्री नको, ओलं फडकंही नको. बोर्डावर सुती कापड ताणून त्यावर चित्राच्या कडा बारीक दोऱ्याने, सैल टाके घालून शिवून घ्या. आणि पीठ म्हटलं की कसर आलीच, म्हणून फ्रेमची पाठ कागदी टेपने नीट बंद करा. वजन कमी म्हणून ॲक्रिलिक शीट सुचवली जाते, पण तिच्यात स्थिर वीज साठते आणि ती रंगाची भुकटी ओढून घेते. वारली, कोळसा, पेस्टल यांना काचच ठेवा.

दोन काचांची हौस

या प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कागद दोन्हीकडून काचेला चिकटून बसतो, ओल आत अडकते, आणि फोटो असेल तर त्याचा वरचा थर काचेला कायमचा चिकटू शकतो. शिवाय मागची भिंत आरपार दिसते, पोपडे आणि वायरींसकट. दोन्ही बाजूंना काम असेल तर गोष्ट वेगळी. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेची, जुनी पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत, अशा पानाला हाच मार्ग आहे. पण तिथेही कडेने, काच आणि कागदाच्या मधे, अंतरपट्टी हवीच.

आत धुकं दिसू लागलं तर फ्रेम उन्हात ठेवू नका. उघडून सावलीत, पंख्याखाली सुकू द्या. बुरशी आली असेल तर ती घरात झटकू नका, नाकाला मास्क लावून बाहेर, मऊ ब्रशने काढा.

वजनाचाही विचार करा. काच मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. म्हणजे दोन बाय तीन फुटांच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा साडेपाच किलोच्या वर जातात, फ्रेम सोडून. त्याला एक खिळा पुरत नाही. ड्रिल करून, प्लग घालून दोन हूक लावा, फ्रेम तिरकीही होणार नाही. पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत शक्यतो टाळाच. दुसरी जागाच नसेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना छोटे रबरी ठोकळे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहील.