मॉडेल विमानावर चंदेरी रंग मारताय? या चुका टाळा

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी त्याचा किट आणला. आनंदच आहे. हे विमान ओझरला, आपल्या नाशिकजवळच्या एचएएलच्या कारखान्यात बनत होतं, त्यामुळे इथल्या माणसाला त्याचा जिव्हाळा वाटणारच. त्यातही बहुतेकांना हवं असतं ते त्याचं सुरुवातीच्या काळातलं एफएल रूप, बिनरंगी पत्र्याचं, उन्हात लखलखणारं. आणि नेमकं तिथेच सगळं बिघडतं. फोटो येतात, खाली प्रश्न एकच असतो: ‘चंदेरी रंग असा का दिसतोय?’

तो रंग तसा दिसतो कारण चंदेरी रंग काहीही झाकत नाही. मॅट हिरवा किंवा करडा रंग बारीक ओरखडा पोटात घालतो. मेटॅलिकमधले धातूचे कण मात्र खालच्या पृष्ठभागावर सपाट बसतात आणि खाली जे असेल ते चमकवून दाखवतात. जोडावरची पुट्टी, 400 च्या पॉलिश पेपरचे ओरखडे, बोटाचा ठसा, प्रायमरमध्ये अडकलेला केस, सगळं. म्हणून माझ्या मते मेटॅलिकचं काम बाटली उघडायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, आणि नवशिक्यांना नेमका तोच भाग उरकून टाकायचा असतो.

माझी पद्धत सांगतो. रंग मी एअरब्रशने मारतो, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंगाचा बारीक फवारा उडवणाऱ्या हत्याराने. रंग त्याच्या कपात ओततात आणि तो नोझलमधून बाहेर पडतो. पुढे ‘ब्रश’ म्हणेन तो हाच. किटचे भाग भांडी घासायच्या साबणाने धुऊन वाळवायचे, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य त्यावर असू शकतं. जोडणी झाल्यावर जोडांवर आधी पातळ करडं प्रायमर मारायचं आणि टेबल लॅम्प अगदी आडवा धरून विमान फिरवून बघायचं. वरून पाहिलं की सगळं छान दिसतं. आडव्या उजेडात फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, पाठीवरचा जोड लगेच उघडा पडतो. मग पुट्टी, मग पाण्यात भिजवून पेपर: 1000, 1500, 2000. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात हे वॉटर पेपर सहज मिळतात. त्यानंतर पुन्हा प्रायमर. कंटाळा येतो, हे मान्य. पण जोड दिसेनासा होईपर्यंत हेच करत राहायचं, त्याला दुसरा रस्ता नाही. यापुढे विमानाला हात लावायचा तो नायट्राइलचे हातमोजे घालूनच.

आता काळा रंग. अल्क्लॅड या लॅकर मेटॅलिकच्या ब्रँडचे पॉलिश्ड अॅल्युमिनियम किंवा क्रोमसारखे जास्त चमकणारे रंग ग्लॉस काळ्यावरच खुलतात. काळा खरखरीत झाला तर वरचा चंदेरी राखाडी दिसणार. म्हणून हा हात नीट ओला पडला पाहिजे, ओघळणार नाही इतपत. मी त्यासाठी लॅकरचा ग्लॉस काळा वापरतो, कारण तो लवकर कडक होतो. इनॅमलचा काळाही सुंदर बसतो, पण त्याला काही दिवस द्यावे लागतात. इथे घाई केली तर वरच्या मेटॅलिकमधलं सॉल्व्हेंट खालचा अर्धा ओला रंग उठवतं आणि पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं येतं. वाळला की नाही हे बोट लावून तपासायचं नाही. नाक जवळ न्यायचं. थिनरचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. ‘हेअर ड्रायर मारला तर चालेल ना?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर कायम ‘नाही’ असतं. वरची साय वाळते, आतला रंग ओलाच राहतो.

अॅक्रेलिकच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक थिनरची. ‘अॅक्रेलिक म्हणजे अॅक्रेलिक’ असं समजून लोक कोणत्याही बाटलीत काहीही ओततात. टामिया कंपनीचे एक्स आणि एक्सएफ रंग अल्कोहोलवर चालतात, त्यामुळे ते कंपनीच्या एक्स-20ए थिनरने किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पातळ होतात. वायेहो (Vallejo) कंपनीचे रंग पाण्यावरचे. त्यात आयपीए टाकलं की कपात चिकट गोळे होतात आणि नोझल तुंबतं. ज्याचा रंग त्याचंच थिनर, एवढं पाळलं तरी निम्म्या तक्रारी येणारच नाहीत. आणि रंग ‘दुधाइतका पातळ’ करा, या सल्ल्यावर विसंबू नका. कपात रंग हलवा आणि कपाची भिंत बघा. रंग सरकन खाली उतरला आणि मागे हलकी पारदर्शक छटा राहिली, तर तो चालेल. जाड पडदा राहिला तर अजून थिनर. भिंत लगेच स्वच्छ झाली तर जास्त पातळ झालाय. असा रंग जवळून मारला की कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळतो.

हवेचा दाब ट्रिगर दाबून ठेवून लावा. हवा वाहायला लागली की काटा खाली येतो. बंद ब्रशवर 20 दाखवणारा काटा कामाच्या वेळी त्याहून कमी दाखवत असतो. 0.3 मिमीच्या नोझलला अॅक्रेलिकसाठी 15 ते 20 पीएसआय आणि अल्क्लॅडसारख्या पातळ मेटॅलिकला 12 ते 15 मला पुरतात.

आता पाण्याबद्दल, कारण मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याकडच्या लोकांचं मेटॅलिक सगळ्यात जास्त यानेच खराब होतं. जुलैत डोंबिवलीच्या एका कॉलेजातल्या मुलाचा फोन आला. ‘काका, नोझल गेलं. ब्रश थुंकतोय.’ 1/48 प्रमाणातलं मिग होतं. प्रायमर आणि काळा अगदी मनापासून केलेला, फ्यूजलाज सुंदर उतरलेलं. डाव्या पंखावर चंदेरीचा शेवटचा हात चालू असताना रंगात गोल गोल खड्डे पडले होते, प्रत्येकाच्या मधे काळा ठिपका. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने नवं नोझल आणून बसवलं होतं. तरीही तेच. मी जाऊन त्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेनचा स्क्रू सैल केला, तर तपकिरी पाणी भसाभसा बाहेर आलं, खालची फरशी ओली झाली. कॉम्प्रेसर आणल्यापासून तो स्क्रू कुणी उघडलाच नव्हता. तो असतो कशासाठी, हे विकणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं.

घडतं ते असं. पावसाळी हवेत भरपूर बाष्प असतं. कॉम्प्रेसर ती हवा दाबतो तेव्हा ती तापते, मग टाकीत आणि पाइपात गार होते आणि पाणी सुटतं. कॉम्प्रेसरलाच जोडून येणारा मॉइश्चर ट्रॅप बरंचसं पाणी अडवतो, पण हवा त्याच्यापुढच्या पाइपात आणखी गार होते आणि तिथे सुटलेलं पाणी थेट ब्रशमध्ये येतं. म्हणून दुसरा छोटा ट्रॅप ब्रशच्या दांड्यापाशी लावा. टाकी रोज काम संपल्यावर, आत थोडा दाब असतानाच रिकामी करा. कॉम्प्रेसर सलग चालवून तापवू नका.

त्या पंखाचं काय केलं? फक्त खड्ड्यांवर चंदेरी मारून भागत नाही, तो डाग वेगळा दिसतोच. आम्ही खड्डे पडलेली प्रत्येक पॅनेल, म्हणजे पत्र्याचा एकेक तुकडा, तिच्या रेषांपर्यंत मास्किंग टेपने वेगळी केली, 2000 च्या पेपरने घासली, पुन्हा काळा, पुन्हा चंदेरी. प्रत्यक्ष विमानातही शेजारशेजारच्या पत्र्यांची छटा थोडी वेगळी असतेच, त्यामुळे पॅनेलच्या रेषेवर संपलेली दुरुस्ती खपून जाते. मधेच संपलेली नाही.

लॅकर मेटॅलिकला दमट हवेचा आणखी एक त्रास म्हणजे पांढुरकी झाक. सॉल्व्हेंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि चमक जाते. रंग सावकाश वाळवणाऱ्या रिटार्डरने थोडा फरक पडतो. मी मात्र पावसाळ्यात कॉकपिट, चाकं, जोडणी, पुट्टी हीच कामं करतो आणि चंदेरी दसऱ्यानंतर काढतो. ज्यांना थांबवत नाही, त्यांनी निदान कोरड्या दिवशी, दुपारी मारावा. विदर्भात मे महिन्यात प्रश्न उलटा: अॅक्रेलिक हवेतच वाळतं आणि विमानावर खरखरीत धूळ बसते. ब्रश जवळ आणा, दाब कमी करा, रिटार्डरचे थेंब टाका. सुईच्या टोकावर रंग साचला तर थिनरमध्ये भिजवलेल्या इअरबडने पुसा, नखाने कधीच नाही.

काही चुका थोडक्यात. नोझल पान्याने आवळू नका, त्याचे आटे नाजूक असतात. ब्रश अख्खा थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतले रबरी वायसर फुगतात. मास्किंग टेप आधी तळहाताच्या मागच्या बाजूला लावून तिचा चिकटपणा कमी करा, आणि काढताना वर न ओढता स्वतःवरच दुमडत मागे न्या. विमानावर नवा रंग कधीच थेट मारू नका. मी प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर प्रायमरपासून प्रत्येक हात विमानासोबतच मारतो. चमच्याला फ्यूजलाजसारखी गोलाई असते, त्यामुळे उजेड कसा पडेल ते आधीच कळतं. कापडी मास्क लॅकरची वाफ अडवत नाही, एन-95 सुद्धा नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्कच हवा, आणि स्वयंपाकघरात, गॅसजवळ लॅकर मारायचंच नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते: आख्खं विमान एकाच क्रोममध्ये न्हाऊ घालणं. उघड्यावर ऊन-पाऊस खाल्लेल्या लढाऊ विमानाचा पत्रा आरसा नसतो. मिगच्या नाकातला कोन आणि शेपटीच्या पंखाचं टोक धातूचं नाही, ते हिरवं येतं. एक्झॉस्टजवळचा भाग तापून काळपट-तपकिरी होतो, तिथे स्टील किंवा जळक्या लोखंडाची छटा घ्या. पी-51 मस्टँग करणाऱ्यांनी तर आणखी जपून राहावं. त्याचे पंख हवा गुळगुळीत वाहावी म्हणून कारखान्यातच पुट्टी भरून चंदेरी रंगवलेले असत, फ्यूजलाज मात्र उघडा पत्रा. फ्यूजलाजला पॉलिश्ड अॅल्युमिनियम आणि पंखांना साधा चंदेरी अॅक्रेलिक, असा फरक केला की मॉडेल खरं वाटायला लागतं. असा साधा चंदेरी करड्या प्रायमरवरही चांगला बसतो, त्याखाली काळा लागत नाही.

शेवटी डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चिन्हांची स्टिकरं. मेटॅलिकवर ग्लॉस वार्निश मारायची सवय बहुतेकांना असते, पण त्याने चमक मरते. चांगल्या काळ्यावर बसलेलं अल्क्लॅड मुळातच गुळगुळीत असतं, त्यावर तिरंगी गोल थेट बसतो. डेकल मऊ करून पृष्ठभागावर बसवणारं सॉफ्टनर मात्र आधी चमच्यावर लावून एक रात्र ठेवा, काही मेटॅलिकवर त्याचा डाग पडतो. डाग पडला तर नुसतं पाणी वापरा आणि डेकलभोवतीची पारदर्शक कड नव्या ब्लेडने आधीच कापून घ्या.