जुन्या पीसीत रॅम वाढवताय? स्लॉट भरायच्या आधी हे बघा

जुना पीसी माळ्यावरून खाली काढला की पहिली खाज सुटते ती रॅम वाढवायची. पण रिकामा स्लॉट दिसला म्हणून भरला असं नाही चालत, कारण प्रोसेसर, चिपसेट (मदरबोर्डवरचा, प्रोसेसर आणि रॅम जोडणारा चिपांचा संच), बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) आणि ऑपरेटिंग सिस्टम या चौघांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात आणि त्यातली सगळ्यात लहान असते तीच खरी.

आधी प्रोसेसर बघा. ८०८८ ला अ‍ॅड्रेस लाइन (मेमरीतली जागा सांगणाऱ्या तारा) २०, म्हणजे १ एमबी, त्यातले डॉसला ६४० केबी मिळतात आणि वरचं डिस्प्ले कार्ड, बायोस वगैरेसाठी राखीव. २८६ ला २४ लाइन म्हणजे १६ एमबी, आणि ३८६ एसएक्स नावाने ३८६ असला तरी त्यालाही तेवढेच.

मग पट्ट्या किती लावायच्या ते. ३० पिनची सिम (जुन्या प्रकारची रॅमची पट्टी) ८ बिटची असते, म्हणून १६ बिटच्या २८६ आणि ३८६ एसएक्सला दोन-दोन, ३२ बिटच्या ३८६ डीएक्स आणि ४८६ ला चार-चार लागतात. ७२ पिनची ३२ बिटची, ती ४८६ ला एक पुरते पण ६४ बिटच्या पेन्टियमला जोडीनेच लावायची. एकच लावून "मदरबोर्ड गेला" म्हणत डोक्याला हात लावणारे असतात, मीही एकदा लावलाय.

आता खरी गोम. सॉकेट ७ च्या (पेन्टियमच्या काळातल्या) बोर्डांवरच्या ४३०एफएक्स, व्हीएक्स, टीएक्स या चिपसेटपैकी टीएक्स २५६ एमबी रॅम घेतो, पण तिन्हींवर एलटू कॅश (रॅमपेक्षा वेगवान अशी छोटी मेमरी) फक्त पहिल्या ६४ एमबीलाच लागू होते. कॅशमधला डेटा रॅमच्या कुठल्या भागातला आहे हे टॅग रॅममध्ये लिहिलेलं असतं, टॅग ८ बिटचा धरला तर २५६ तुकडे ओळखता येतात, २५६ केबी कॅश गुणिले २५६ म्हणजे बरोबर ६४ एमबी. बरं टीएक्सवर कॅश ५१२ केबी असली तरी हा आकडा हलत नाही. आणि विंडोज ९५/९८ रॅम वरच्या टोकाकडून वापरायला घेतं, म्हणजे नेमका बिनकॅशचा भाग आधी, त्यामुळे १२८ टाकल्यावर मशीन उलट मंद वाटू शकतं. अशा बोर्डावर मी तरी ६४ वरच थांबतो. ४३०एचएक्स वेगळा, त्याला जादा टॅग चिप असेल तर ५१२ एमबीपर्यंत कॅश होते. एएमडीच्या के६-३ प्रोसेसरमध्ये एलटू आतच असते, तिथे ही भानगड नाही.

४४०बीएक्स चिपसेटवर २५६ एमबीची पट्टी घेताना काळ्या चिप मोजा, १६ हव्यात. ८ चिपवाली असेल तर अर्धीच दिसते नाहीतर मशीन चालूच होत नाही. ८१५ चिपसेटला एकूण ५१२ च्या वर काही नाही.

विंडोज ९८ मध्ये ५१२ एमबीच्या वर गेलात की व्हीकॅश (विंडोजचा डिस्कवरच्या फाइली रॅममध्ये साठवणारा भाग) एवढी अ‍ॅड्रेसची जागा खातं की मेमरी भरपूर असून "मेमरी कमी आहे" असा एरर येतो (हसावं की रडावं). सिस्टम डॉट आयएनआय या विंडोजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये व्हीकॅश सेक्शनखाली मॅक्सफाइलकॅश ५२४२८८ (केबी) किंवा त्याहून कमी टाका, मी २६२१४४ ठेवतो. विंडोज ९५ तर ४८० एमबीच्या वर सुरू व्हायलाच नखरे करतं.

लावताना विजेची वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या, पट्टीचे पिन खोडरबराने हलकेच पुसा आणि एका वेळी एकच बँक (एकत्र लावायच्या पट्ट्यांचा गट) भरून बायोस किती एमबी मोजतं ते बघा. मग मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा एक पूर्ण राउंड होऊ द्या, मोठी रॅम असली तर लागतो वेळ. एक जरी लाल ओळ आली तर सरळ पट्टी काढा, "चालतंय ना" म्हणून ठेवू नका, विंडोज इन्स्टॉल होताना मधेच फाइल करप्ट म्हणतं ते बऱ्याचदा सीडीमुळे नाही, या पट्टीमुळेच असतं.